सस्पेंडला गेलेला बोर्ड परत उठत नाही: एम्बेडेड लिनक्सच्या पॉवर मॅनेजमेंटचं समस्या निवारण

बॅटरीवर चालणारा आर्म बोर्ड, त्यावर लिनक्स कर्नल, आणि तक्रार नेहमीचीच: झोपवला तर उठत नाही, उठला तर वायफाय मेलेलं, किंवा झोपूनही बॅटरी सकाळपर्यंत रिकामी. हे पाहिलं की बरेच जण थेट प्रोसेसरच्या सस्पेंड कोडमध्ये शिरतात. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. तो एखाद्या ड्रायव्हरच्या सस्पेंड कॉलबॅकमध्ये (झोपवताना कर्नल बोलावतं त्या फंक्शनमध्ये), डिव्हाइस ट्रीतल्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधल्या) राहून गेलेल्या एका ओळीत किंवा टेबलावर जोडलेल्या मीटरमध्ये असतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि ऑसिलोस्कोप शेवटी येतो. हा क्रम मोडला की आठवडे वाया जातात.

मजकूर ५.१० आणि त्यानंतरच्या कर्नलना धरून आहे. पाथ, पॅरामीटर आणि लॉगमधल्या ओळी इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत, अंडरस्कोअरसकट टाइप करायच्या.

## आधी लक्षण नीट ओळखा

एकाच वाक्यात सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींमागे वेगवेगळे दोष असतात.

- कमांड देताच प्रॉम्प्ट परत येतो, सोबत "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी". म्हणजे झोपायलाच नकार.
- बोर्ड झोपतो आणि सेकंदाच्या आत, कोणी हात न लावता, उठतो.
- कॉन्सोल गप्प होतो तो कायमचाच. रीसेट दाबण्यावाचून इलाज नाही.
- झोपल्यावर दर वेळी साधारण तितक्याच सेकंदांनी बोर्ड रीबूट होतो.
- बोर्ड उठतो, पण टचस्क्रीन, वायफाय किंवा इथरनेट मेलेलं असतं.
- झोपणं-उठणं सुरळीत, पण झोपेतला करंट हिशोबाच्या कित्येक पट.
- सगळं ठीक चालतं, शेकडो वेळांतून एकदा मात्र अडकतो.

तिसरं लक्षण सर्वांत फसवं. कॉन्सोल गप्प आहे यावरून बोर्ड झोपायला जाताना अडकला, झोपला पण त्याला कोणी उठवलंच नाही, की उठताना अडकला, हे कळत नाही. तिन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. इथे सप्लायच्या करंट डिस्प्लेकडे बघा. करंट उतरलाच नाही किंवा उलट थोडा चढला, तर बोर्ड जाताना अडकला आहे आणि एखादा कोर लूपमध्ये फिरतो आहे. करंट उतरून खालीच राहिला, तर झोप नीट लागली आहे; उठवणारा सिग्नल पोचत नाही. उतरला, बटण दाबल्यावर चढला आणि तरी कॉन्सोल गप्प, तर दोष रिझ्यूमच्या (उठण्याच्या) वाटेवर आहे. या एका निरीक्षणाने पुढचं निम्मं काम वाचतं.

चौथं लक्षण इथेच निकाली काढता येतं. ठरावीक वेळाने होणारा रीबूट बहुधा हार्डवेअर वॉचडॉगचा, म्हणजे वेळेत खूण मिळाली नाही तर बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरचा, असतो. सस्पेंडमध्ये यूजरस्पेस गोठलेली असते, वॉचडॉगला कोणी थोपटत नाही, आणि त्याचं क्लॉक चालूच असेल तर तो आपलं काम करतो. वॉचडॉग चालवणारी सेवा बंद करून बघा. रीबूट थांबला तर वॉचडॉग ड्रायव्हरच्या सस्पेंड कॉलबॅकमध्ये टायमर थांबवण्याची आणि रिझ्यूममध्ये तो पुन्हा सुरू करण्याची सोय आहे का ते तपासा. काही चिपवर एकदा सुरू केलेला वॉचडॉग थांबवताच येत नाही. तिथे झोपेची कमाल मुदत वॉचडॉगच्या मुदतीहून कमी ठेवावी लागते.

## टेबलावरच्या तारा

पैसा लागत नाही, पाच मिनिटांत होतं, आणि तरी हेच सर्रास टाळलं जातं.

यूएसबी-सीरियल ॲडॅप्टरची डेटा लाइन बोर्डाच्या बंद पडलेल्या रेलमध्ये (वीजपुरवठ्याच्या लाइनमध्ये) संरक्षक डायोडमधून वीज ढकलते. त्यामुळे बंद व्हायला हवा तो भाग अर्धवट जिवंत राहतो, करंटचं माप चुकतं आणि पॉवर-ऑन रीसेट नीट होत नाही. डीबगर जोडलेला असेल तर तो डीबगचं पॉवर डोमेन (चिपमधला एकत्र चालू-बंद होणारा भाग) चालू ठेवण्याची मागणी करत राहतो आणि प्रोसेसर खोल झोपेत जातच नाही. मोजमापाच्या वेळी दोन्ही काढून ठेवा.

तिसरी गोष्ट मल्टिमीटर. मिलिअँपच्या रेंजमध्ये आतला शंट (करंट मोजण्यासाठीचा छोटा रोध), फ्यूज आणि तारा मिळून काही ओहमचा रोध मालिकेत येतो. समजा तो २ ओहम आहे. झोपेत ३ मिलिअँपला फक्त ६ मिलिव्होल्ट पडतात, काहीच जाणवत नाही. रिझ्यूमच्या क्षणी बोर्डाने ३०० मिलिअँप ओढले की ०.६ व्होल्ट पडतात, ३.७ व्होल्टची बॅटरी बोर्डाला ३.१ व्होल्ट दिसते आणि पॉवर मॅनेजमेंट चिप व्होल्टेज कमी म्हणून सगळं बंद करते. बोर्ड उठताना मरतो तो मीटरमुळे, आणि शोध सुरू असतो कर्नलमध्ये. मीटर १० अँपच्या रेंजवर ठेवा किंवा ०.१ ओहमचा शंट लावून त्यावरचं व्होल्टेज मोजा.

## नेमकी कोणती झोप मागितली आहे

/सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचा. तिथे एस२आयडल, शॅलो, डीप यांपैकी या बोर्डावर जे शक्य आहेत ते दिसतात. चौकटी कंसात असेल तो सध्याचा. /सिस/पॉवर/स्टेटमध्ये मेम लिहिलं की हाच प्रकार वापरला जातो.

एस२आयडलमध्ये सगळी कामं गोठतात, उपकरणं झोपतात आणि कोर नेहमीच्या आयडल अवस्थेत थांबतात. डीपमध्ये प्रोसेसरची वीज जाते आणि रॅम सेल्फ-रिफ्रेशवर, म्हणजे स्वतःच आपला डेटा टिकवत, राहते. "झोपेत करंट जास्त" या तक्रारीतली मोठी संख्या इथेच संपते: बोर्ड एस२आयडलमध्ये असतो आणि अपेक्षा डीपची असते. डीप यादीत असेल तर मेम_स्लीपमध्ये डीप लिहा, किंवा कर्नल कमांड लाइनवर मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप द्या.

डीप यादीतच नसेल तर ६४ बिट आर्मवर त्याचा अर्थ सरळ आहे. फर्मवेअरने पीएससीआयमधलं (कर्नल आणि फर्मवेअर यांच्यातल्या वीज-नियंत्रणाच्या ठरलेल्या इंटरफेसमधलं) सिस्टम सस्पेंड हे आवाहन उपलब्ध असल्याचं कळवलेलं नाही. ते पीएससीआय १.० पासून आलं आणि ऐच्छिक आहे. बूट लॉगमध्ये "पीएससीआय" शोधून आवृत्ती बघा. फर्मवेअरमध्ये ते नसेल तर कर्नलमध्ये कितीही बदल केले तरी डीप मिळणार नाही. फर्मवेअर बदलावं लागेल.

## यूजरस्पेस बाजूला काढा

सिस्टमडी किंवा ॲपच्या मार्फत न झोपवता थेट लिहा: इको मेम > /सिस/पॉवर/स्टेट. असं केल्यावर नीट झोपून उठत असेल, तर कर्नल निर्दोष आहे. झोपण्याआधी-उठल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि झोप रोखून धरणाऱ्या सेवा तपासा.

उठवण्यासाठी बटणावर विसंबू नका, घड्याळाचा अलार्म लावा: आरटीसीवेक -एम फ्रीझ -एस १५, आणि ते जमलं की आरटीसीवेक -एम मेम -एस १५. फ्रीझ म्हणजे एस२आयडल. फ्रीझ चालतं आणि डीप मोडमधलं मेम अडकतं, तर ड्रायव्हरांचा मोठा भाग ठीक आहे. संशय वीज गेल्यावर रजिस्टर हरवणाऱ्या ब्लॉकवर किंवा फर्मवेअरवर सरकतो.

बोर्डावर दोन आरटीसी (वेळ राखणारी घड्याळं) असणं सामान्य आहे: एक चिपच्या आतला, एक पॉवर मॅनेजमेंट चिपमधला. आरटीसीवेक न सांगता आरटीसी० घेतं, आणि तो नेमका झोपेत वीज जाणारा असू शकतो. -डी आरटीसी१ देऊन बघा. /सिस/क्लास/आरटीसी/आरटीसी१/डिव्हाइस/पॉवर/वेकअप या फाइलमध्ये "एनेबल्ड" हवं. फाइलच नसेल किंवा रिकामी असेल, तर डिव्हाइस ट्रीमध्ये त्या आरटीसीची इंटरप्ट लाइन किंवा वेकअप-सोर्स ही ओळ राहून गेली आहे.

## लॉग बोलका करा

डिव्हाइस झोपवण्याआधी कर्नल कॉन्सोल बंद करतं. त्यामुळे अडकलेल्या बोर्डाची शेवटची ओळ जवळजवळ नेहमी "सस्पेंडिंग कॉन्सोल" हीच असते. तिच्यावरून सीरियल ड्रायव्हरला दोषी धरू नका. कमांड लाइनवर नो_कॉन्सोल_सस्पेंड, इनिटकॉल_डीबग आणि लॉगलेव्हल=८ द्या, आणि /सिस/पॉवर/पीएम_डीबग_मेसेजेसमध्ये १ लिहा. आता प्रत्येक डिव्हाइसचा कॉलबॅक कधी सुरू झाला, कधी संपला आणि किती मायक्रोसेकंद लागले ते दिसतं. ज्याची सुरुवात छापली आणि शेवट नाही, तो पहिला संशयित.

डिव्हाइस मुळात समांतर झोपवली जातात, म्हणून अपूर्ण ओळी एकाहून जास्त असू शकतात. /सिस/पॉवर/पीएम_असिंकमध्ये ० लिहा. सगळं एकामागून एक चालेल आणि संशयित एकच उरेल. ० केल्यावर दोषच नाहीसा झाला, तर ही मोठी खूण आहे: दोन डिव्हाइसमधलं अवलंबित्व कर्नलला माहीत नाही. ० तसंच ठेवून काम संपलं असं समजू नका. ते अवलंबित्व डिव्हाइस लिंकने नोंदवा.

नो_कॉन्सोल_सस्पेंडचा एक तोटा लक्षात असू द्या. तो सीरियल पोर्टला जागा ठेवतो, त्यामुळे त्याचं पॉवर डोमेन बंद होत नाही. काही बोर्डांवर पोर्टचं वरचं क्लॉक बंद झाल्यावर पहिलं अक्षर छापतानाच बस अडकते, म्हणजे शोधासाठी घातलेला पॅरामीटरच नवा दोष निर्माण करतो. करंट मोजताना तो काढून टाका.

## कर्नलने आधीच लिहून ठेवलेली उत्तरं

झोपायला नकार असेल तर /सिस/कर्नल/डीबग/सस्पेंड_स्टॅट्स वाचा. कोणत्या टप्प्यावर किती वेळा अपयश आलं, शेवटचं अपयशी डिव्हाइस कोणतं आणि एरर कोड काय, हे सगळं तिथे असतं. -१६ म्हणजे ड्रायव्हर म्हणतो मी कामात आहे. -११० म्हणजे हार्डवेअरने वेळेत उत्तर दिलं नाही; बहुधा त्याचं क्लॉक किंवा रेग्युलेटर आधीच बंद झाला.

लगेच उठत असेल तर /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू मधला आकडा घ्या आणि /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये तो कोणाचा ते बघा. /सिस/कर्नल/डीबग/वेकअप_सोर्सेसमध्ये ॲक्टिव्ह_सिन्स या रकान्यात शून्याहून मोठा आकडा असेल, तर त्या स्रोताने या क्षणी झोप अडवून धरली आहे. सगळ्यात जास्त सापडणारी कारणं दोन: सीरियलची रिसीव्ह पिन पुल-अप नसल्याने तरंगते आहे, किंवा लेव्हलवर चालणारा इंटरप्ट कोणी उतरवलेलाच नाही, त्यामुळे झोपताक्षणी तो पुन्हा उठवतो.

## पीएम_टेस्ट: एकेक पायरी उतरत जा

अडकण्याच्या तक्रारीत सर्वांत कामाचं साधन हेच, आणि वापरलं जातं सर्वांत कमी. कर्नलमध्ये कॉन्फिग_पीएम_डीबग चालू हवं. /सिस/पॉवर/पीएम_टेस्टमध्ये पातळीचं नाव लिहायचं आणि मग नेहमीसारखं स्टेटमध्ये मेम लिहायचं. कर्नल त्या पातळीपर्यंत खाली उतरतं, ५ सेकंद थांबतं आणि आपणहून वर येतं. उठवणारा सिग्नल लागत नाही, फर्मवेअरमधल्या झोपेच्या कोडला हात लागत नाही. म्हणूनच दोषाची पातळी स्वच्छ वेगळी होते.

फ्रीझरपासून सुरू करा. इथे फक्त प्रक्रिया गोठतात. अडकलं तर २० सेकंदांनी कर्नल हार मानतं आणि न गोठलेल्या प्रक्रियांची नावं छापतं. नेटवर्कवरची फाइलसिस्टीम किंवा यूजरस्पेसमध्ये चालणारी फाइलसिस्टीम यांची वाट बघत बसलेली प्रक्रिया हे नेहमीचं कारण. गोठवण्याची मुदत वाढवून ते सुटत नाही.

पुढे डिव्हाइसेस. इथे सर्व ड्रायव्हरांचे प्रिपेअर आणि सस्पेंड हे कॉलबॅक चालतात. इथे अडकलं तर मॉड्यूल काढून किंवा ड्रायव्हर अनबाइंड करून निम्मे-निम्मे वगळत जा.

त्यानंतर प्लॅटफॉर्म. नावावरून वाटतं की इथे फक्त चिपचा कोड तपासला जातो, पण सस्पेंड-लेट आणि सस्पेंड-नोआयआरक्यू हे ड्रायव्हरांचे दोन टप्पे याच पातळीवर पहिल्यांदा चालतात. म्हणून डिव्हाइसेस पास आणि प्लॅटफॉर्म नापास असेल, तरी दोषी बहुधा ड्रायव्हरच असतो: आयटूसी आणि एसपीआय (चिप एकमेकींना जोडणाऱ्या बस), जीपीआयओ (सर्वसाधारण कामाच्या पिना), पॉवर मॅनेजमेंट चिप असे उशिरा झोपणारे. चिप कंपनीला पत्र लिहिण्याआधी हे तपासा.

प्रोसेसर्स या पातळीवर बूट कोर सोडून बाकीचे बंद होतात. इथला दोष सस्पेंडशिवायही दाखवता येतो: /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू१/ऑनलाइन मध्ये ० आणि १ आळीपाळीने लिहित राहा. त्यानेही अडकत असेल तर सस्पेंडचा विषयच बाजूला पडतो. कोर चालू-बंद करणारं फर्मवेअर बघा.

शेवटी कोअर. इंटरप्ट बंद होतात आणि इंटरप्ट कंट्रोलर, टायमर यांसारखे मुळाशी असलेले भाग आपली अवस्था जपून ठेवतात.

एस२आयडल मोडमध्ये प्रोसेसर्स आणि कोअर या पातळ्या चालत नाहीत, कर्नल तसं सांगून परत फिरतं. प्रत्येक पातळी एकदा पास झाली म्हणून पुढे जाऊ नका, पन्नासेक वेळा लूपमध्ये चालवा. आणि शेवटी पीएम_टेस्टमध्ये नन लिहायला विसरू नका, नाहीतर बोर्ड कधीच खरा झोपणार नाही.

## दोषी ड्रायव्हर सापडला, आत काय बघायचं

क्लॉक बंद असताना रजिस्टरला हात. ३२ बिट आर्मवर "इम्प्रिसाइज एक्स्टर्नल अबॉर्ट", ६४ बिटवर "एसएरर इंटरप्ट", आणि काही चिपवर काहीच न छापता बस गोठते. हा अबॉर्ट उशिरा पोचतो, म्हणून लॉगमधला प्रोग्राम काउंटर खऱ्या गुन्हेगाराचा असेलच असं नाही. सर्वसाधारण वाट अशी: सस्पेंडमध्ये क्लॉक बंद केलं, पण इंटरप्ट लाइन दुसऱ्या डिव्हाइसबरोबर सामायिक आहे. त्या दुसऱ्याचा इंटरप्ट आला की आपला हँडलरही चालतो आणि बंद ब्लॉकचं स्टेटस रजिस्टर वाचतो. हँडलरने आधी डिव्हाइस जागं आहे का ते विचारायचं, किंवा सस्पेंडमध्ये क्लॉकच्या आधी इंटरप्ट बंद करायचा. क्रम उलटा असेल तर त्या दोन ओळींमधल्या फटीत दोष उरतो आणि शेकडो वेळांतून एकदा दिसतो.

आयटूसीचा क्रम. लॉगमध्ये "ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड" दिसलं तर कोणीतरी झोपलेल्या कंट्रोलरकडे काम मागितलं आहे. टच कंट्रोलरचा थ्रेडेड इंटरप्ट हे ठरलेलं उदाहरण: बोट लागल्याने बोर्ड उठतो, हँडलर लगेच धावतो, कंट्रोलर अजून जागा व्हायचा असतो. पॉवर मॅनेजमेंट चिप ज्या आयटूसी बसवर आहे तो कंट्रोलर नोआयआरक्यू टप्प्यात झोपायला हवा. इतर क्लायंटनी आपलं काम साध्या सस्पेंडमध्येच उरकावं.

रनटाइम पीएमचा (बोर्ड जागा असताना कामात नसलेलं डिव्हाइस झोपवणाऱ्या यंत्रणेचा) गळका काउंटर. पीएम_रनटाइम_गेट_सिंक अपयशी ठरलं तरी वापराचा काउंटर वाढवून ठेवतं. एररच्या वाटेवर पुट (काउंटर उतरवणारा कॉल) नसेल तर तो काउंटर कधीच शून्यावर येत नाही आणि डोमेन कायम चालू राहतं. ५.१० पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे, ते अपयशात काउंटर स्वतः उतरवतं. नव्या कोडमध्ये हेच वापरा. डिव्हाइसच्या पॉवर डिरेक्टरीतली रनटाइम_स्टेटस आणि रनटाइम_युसेज या दोन फाइल वाचल्या की गळती दिसते. काम नसतानाही युसेज १ असेल तर शोध घ्या.

हरवलेली रजिस्टरं. एस२आयडलनंतर डिव्हाइस चालतं, डीपनंतर मेलेलं. डोमेनची वीज गेल्याने रजिस्टरं रीसेटच्या मूल्यांवर गेली आणि रिझ्यूमने फक्त क्लॉक चालू केलं. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइस पहिल्यांदा सुरू करतो तिथे) जे रजिस्टर लिहिता ते सगळं एका वेगळ्या इनिट फंक्शनमध्ये काढा आणि रिझ्यूममधूनही तेच बोलवा. एसडीआयओवरच्या वायफायचं दुखणं थोडं निराळं: डिव्हाइस ट्रीत कीप-पॉवर-इन-सस्पेंड नसेल तर चिपचं फर्मवेअरच उडतं, आणि ड्रायव्हरने ते पुन्हा चढवायला हवं.

अधूनमधून अडकणाऱ्या बोर्डासाठी कॉन्फिग_डीपीएम_वॉचडॉग चालू करा. कॉलबॅक ठरलेल्या वेळात परतला नाही तर तो स्टॅक छापून पॅनिक करतो. मुळातली मुदत १२० सेकंद असते. चाचणीसाठी १५ पुरे. सोबत रॅमऊप्स लावा, म्हणजे रीसेटनंतर /सिस/एफएस/पीस्टोरमध्ये लॉग मिळतो, मात्र बूटलोडर ती रॅम पुसत नसेल तरच. चाचणीच्या लूपमध्ये झोपेची लांबी ३ ते २० सेकंदांत बदलती ठेवा. ठरावीक अंतराच्या लूपमध्ये वेळेच्या शर्यतीतले दोष लपून राहतात.

## झोपला, पण उठवता येत नाही

डीपमध्ये मुख्य इंटरप्ट कंट्रोलरचीही वीज जाते. झोपेतही जागं राहणाऱ्या डोमेनमध्ये एक छोटा वेकअप कंट्रोलर असतो आणि त्याच्याशी जोडलेल्या पिनाच बोर्डाला उठवू शकतात. बटण एस२आयडलमधून उठवतं आणि डीपमधून नाही, तर चिपच्या मॅन्युअलमध्ये ती पिन त्या डोमेनमध्ये आहे का ते आधी बघा. नसेल तर सॉफ्टवेअरने काहीही होणार नाही. बोर्डाची आखणीच बदलायला हवी. असेल, तर डिव्हाइस ट्रीत वेकअप-सोर्स, ड्रायव्हरमध्ये एनेबल_आयआरक्यू_वेक आणि सिसएफएसमधल्या (/सिसखालच्या) वेकअप फाइलमध्ये एनेबल्ड, या तिन्ही गोष्टी लागतात. नो_सस्पेंड हा फ्लॅग लावून काम भागवू नका. तो इंटरप्ट झोपेच्या टप्प्यांत चालू ठेवतो, प्रोसेसरला उठवण्याची हमी देत नाही.

## झोपेतला करंट

पीएम_जेनपीडी_समरी, सीएलके_समरी आणि रेग्युलेटर_समरी या डीबगएफएसमधल्या (/सिस/कर्नल/डीबगखालच्या) तीन याद्या घ्या. त्या जागेपणीच्या आहेत, तरी काम नसताना चालू असलेलं डोमेन आणि त्याला धरून ठेवणारं डिव्हाइस लगेच दिसतं. डिव्हाइस ट्रीत कायम चालू म्हणून लिहिलेल्या प्रत्येक रेग्युलेटरला झोपेत बंद करता येईल का ते ठरवा आणि रेग्युलेटर-स्टेट-मेम या नोडमध्ये तसं लिहा.

मग पिना. ३.३ व्होल्टला १० किलोओहमने बांधलेली लाइन झोपेत शून्यावर धरली तर ०.३३ मिलिअँप जातो. अशा दहा लाइन म्हणजे ३.३ मिलिअँप, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम मिळून झोपेत घेतात त्याच्या बरोबरीचा किंवा जास्तच. उलट बाजूने, वीज काढलेल्या चिपच्या पिनवर हाय ठेवला तर ती डायोडमधून अर्धवट जिवंत राहते आणि पुढच्या वेळी नीट सुरू होत नाही. प्रत्येक डिव्हाइसच्या पिनकंट्रोलमध्ये स्लीप नावाची अवस्था लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सर्किट आकृती समोर ठेवून एकेक पिन पाहिल्याशिवाय मायक्रोअँपपर्यंत पोचता येत नाही.

झोप न मागताही बोर्ड थबकत असेल आणि सीरियलवर कळ दाबली की पुढे सरकत असेल, तर तो सीपीयूआयडलचा (रिकाम्या कोरला आयडल अवस्थेत नेणाऱ्या भागाचा) दोष. सीपीयूआयडल.ऑफ=१ देऊन खात्री करा. बहुधा खोल आयडल अवस्थेत कोरचा टायमर बंद पडतो, पण डिव्हाइस ट्रीत त्या अवस्थेला लोकल-टायमर-स्टॉप लिहिलेलं नसतं.

## इथे थांबा

पीएम_टेस्टची कोअर पातळी शेकडो वेळा पास होते, एस२आयडल ठीक चालतं, आणि तरी डीपमधून बोर्ड परत येत नाही: हा कर्नलचा प्रश्न उरलेला नाही. यापुढे रॅम सेल्फ-रिफ्रेशमध्ये घालणारा आणि बाहेर काढणारा कोड, सुरक्षित फर्मवेअर आणि रेल चढण्याचा क्रम एवढंच उरतं. त्याची कागदपत्रं बऱ्याचदा चिप कंपनीशी करार केल्याशिवाय मिळत नाहीत. रॅमच्या टायमिंगचे आकडे अंदाजाने बदलू नका. चूक झाली तर बोर्ड उठतो आणि मेमरी गुपचूप बिघडलेली असते. ती फाइलसिस्टीमवर लिहिली जाते आणि दोष भलत्याच ठिकाणी दिसतो.

पॉवर मॅनेजमेंट चिपची व्होल्टेज रजिस्टरं आयटूसीच्या कमांडने हाताने लिहून बघणं हेही नको. कोरच्या रेलवर एक चुकीचा बाइट पडला तर प्रोसेसर कायमचा जातो. लिथियम सेल फुगलेली असेल किंवा खोलवर डिस्चार्ज झालेली असेल, तर चाचणी बंद करा, ती चार्ज करू नका, बोर्ड बेंच सप्लायवर घ्या. गरम होणारी चिप आणि रिझ्यूमच्या वेळी रेलवर दिसणारी खाच ही कामं हार्डवेअर इंजिनिअरची.

चिप कंपनीच्या किंवा बोर्ड बनवणाऱ्याच्या इंजिनिअरकडे जाताना हे सोबत न्या: कर्नल, बूटलोडर आणि सुरक्षित फर्मवेअर यांच्या आवृत्त्या, मेम_स्लीपमधली यादी, पीएम_टेस्टच्या प्रत्येक पातळीवर कितीपैकी किती वेळा पास, नो_कॉन्सोल_सस्पेंडसकटचा पूर्ण लॉग, झोपण्याआधी, झोपेत आणि अडकल्यावर असा करंटचा तिहेरी आकडा, आणि मुख्य रेल, रॅमची रेल व रीसेट लाइन या तिन्हींची रिझ्यूमच्या क्षणाची स्कोपवरची चित्रं. दुसऱ्या, तशाच बोर्डावर हा दोष येतो की नाही हेही लिहा. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.